सोडताना येणारी सणक

रूट कॅनाल केलं म्हणजे दात दुरुस्त झाला, असं आपण सरसकट धरून चालतो. किडलेल्या दाताबाबत ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण दाढेला तडा गेला असेल, तर रूट कॅनाल त्या तड्याला सांधत नाही. मोडलेलं हाड जुळून येतं, कारण त्यात जिवंत पेशी असतात. इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरात, एकही जिवंत पेशी नसते. वजनाने सुमारे ९६ टक्के ते खनिजच असतं. तिथे पडलेली चीर आयुष्यभर चीरच राहते.

या तड्याचं दुखणं मात्र मोठं मजेशीर आहे (ज्याची दाढ आहे त्याने माफ करावं). एरवी दुखऱ्या जागी दाबलं की कळ येते आणि सोडलं की बरं वाटतं. इथे पुष्कळदा उलटं होतं. घास चावताना विशेष काही नाही, पण दात उघडले की सणक थेट मस्तकात जाते.

असं का होतं, ते कळायला इनॅमलच्या आतल्या डेंटिनमध्ये शिरावं लागतं. डेंटिन घट्ट दिसतं, पण असतं चाळणीसारखं. आतल्या पल्पजवळ, म्हणजे आपण जिला ‘नस’ म्हणतो तिच्याजवळ, दर चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ४५,००० सूक्ष्म नळ्या असतात. तिथे एकेका नळीचा व्यास जेमतेम अडीच मायक्रोमीटर. बाहेर येता येता त्या विरळ आणि आणखी बारीक होतात. या नळ्यांत द्रव भरलेला असतो आणि त्यांच्या आतल्या तोंडाशी चेतातंतूंची टोकं असतात. स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात प्रयोगांच्या आधारे सांगितलं, की दात शिणशिणतो तो या द्रवाच्या हालचालीमुळे. थंड पाणी असो की हवेची फुंकर, चेतातंतूला शेवटी जाणवतो तो द्रवाचा ओढा.

आता या चाळणीतून एक तडा गेलाय असं समजा. दाढेवर घास आला की तड्याच्या दोन बाजू किंचित फाकतात. दाब सुटला की त्या झटक्यात मिटतात आणि नळ्यांतला द्रव एकदम हलतो. हळू हलला असता तर चेतातंतूंनी फारशी दखल घेतली नसती. वेगाने हलतो म्हणून ए-डेल्टा जातीचे तंतू चेततात. त्यांची कळ तीक्ष्ण आणि क्षणभराची. पल्पच सुजला की सी जातीचे तंतू जागे होतात, आणि मग सणकेच्या जागी ठणका लागतो, रेंगाळणारा, रात्री झोपू न देणारा. गंमत म्हणजे नेमकी जागा सांगण्याची सोय पल्पमध्ये फारशी नसते. ती असते मुळाभोवतीच्या तंतूंमध्ये. म्हणून पेशंट एकदा या दाढेवर बोट ठेवतो, एकदा शेजारच्या.

एक्स-रेत बहुतेकदा काही दिसत नाही. तडा सहसा दाढेच्या पुढून मागे जातो आणि किरण गालाकडून जिभेकडे. तड्याच्या सपाटीवर ते आडवे आदळतात, फटीतून आरपार जात नाहीत. त्यापेक्षा साधा उजेड कामाचा. खोलीतला दिवा मालवून दाढेला बारीक प्रकाशझोत टेकवला, की अलीकडची बाजू कंदिलासारखी उजळते आणि तड्यापाशी उजेड अडतो. पलीकडे अंधार. किंवा खळगा असलेला प्लास्टिकचा छोटा ठोकळा दाढेच्या एकेका उंचवट्यावर ठेवून चावायला आणि सोडायला सांगतात. सोडताना पेशंट दचकला, की उंचवटा सापडला.

‘कीड नाही, मग दुखतंय कसं?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. कीड हा शब्दच फसवा आहे. दातात किडा असतो ही समजूत हजारो वर्षं जुनी. धुरी देऊन ‘किडे’ पाडून दाखवणारे वैदूही होते. पडायचे ते धुरीतल्या बियांचे उष्णतेने फुटलेले कोंब.

तर उपचार. प्रत्येक तडक्या दाढेला रूट कॅनाल लागत नाही. पल्प अजून सावरण्याजोगा असलेल्या १२७ रुग्णांच्या एका अभ्यासात दाढेवर कॅप बसवली, तेव्हा सहा महिन्यांत सुमारे २० टक्क्यांनाच पुढे रूट कॅनाल लागलं. कॅप दाढेला पिंपाच्या कड्यासारखी आवळून धरते, दोन बाजू फाकू देत नाही. खरा आधार तिचा.

रूट कॅनालने दात ठिसूळ होतो, हाही आरोप निम्मा चुकीचा. १९८९च्या एका प्रयोगात रूट कॅनालने दाताचा ताठपणा ५ टक्केच घटला; पुढची आणि मागची कड तोडणारा मोठा खड्डा कोरल्यावर मात्र ६३ टक्के.

पल्प गेलेला असेल तर रूट कॅनाल आलंच. सिंगापूरच्या २००६च्या एका अभ्यासात अशा ५० दाढांपैकी दोन वर्षांनी सुमारे ८५ टक्के टिकल्या होत्या. धोका वाढला तो एकाहून जास्त तडे असलेल्या, रांगेतल्या शेवटच्या आणि हिरडीत आधीच खोल खिसा पडलेल्या दाढांचा. तडा पल्पच्या तळावरून आरपार गेला असेल, तर सहसा दाढ काढायलाच सांगतात. जंतू साधारण एक मायक्रोमीटरचा. काही मायक्रोमीटरची फट त्याला ऐसपैस रस्ता.

आणि रूट कॅनालनंतर ती सणक येत नाही, कारण ती सांगणारी नसच उरलेली नसते. तडा खाली सरकला तरी दाढ गप्प. म्हणून डॉक्टर बारीक मापपट्टीची सळई हिरडीच्या कडेने फिरवतात. निरोगी दाताभोवती ती एक ते तीन मिलिमीटर आत जाते. तडा मुळावर उतरला असेल, तर सगळीकडे दोन-दोन मिलिमीटरवर अडणारी सळई एकाच अरुंद जागी सरकन आठपर्यंत उतरते.