पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे ब्लड कॅन्सर?

‘पांढऱ्या पेशी ११,०००च्या वर गेल्या की ब्लड कॅन्सर समजा,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. धास्ती वाटणं साहजिक आहे, पण नुसत्या आकड्यावरून हे निदान होत नाही. न्यूमोनियासारख्या संसर्गातही पेशी वाढतात, क्वचित ५०,०००च्याही पुढे जातात.

मग फरक कसा कळतो? आधी काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शंका उरलीच, तर अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम रंगवून १०० न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तपासायची जुनी पद्धत आहे. प्रत्येक पेशीला ० ते ४ गुण. संसर्गात बेरीज सहसा वाढलेली, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या ब्लड कॅन्सरच्या प्रकारात बहुधा घटलेली. (गरोदरपणातही ती वाढते, म्हणून एवढ्यावरच विसंबत नाहीत.) आता हा ल्युकेमिया पक्का करायला त्यात आढळणाऱ्या बीसीआर-एबीएल जनुकाची चाचणी असते.

रिपोर्टात आकड्याखाली ‘पेरिफेरल स्मिअर’चा (म्हणजे काचपट्टीवरच्या त्या रक्ताच्या थराचा) शेरा असतो, तो वाचा. तिथे ‘ब्लास्ट’ किंवा अपरिपक्व पेशी लिहिल्या असतील, तर लगेच डॉक्टरांना गाठा.