चुकवलेला नेम: पडद्यावरून रंगमंचावर

कोल्हापुरात कलेची वाट बहुधा रंगमंचाकडून पडद्याकडे गेली. संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळले; १९४७च्या ‘लोकशाहीर राम जोशी’च्या दिग्दर्शनातही बाबूराव होते. उलट्या वाटेने काय होतं, ते अमेरिकेतल्या ॲनी ओकलीच्या गोष्टीत दिसतं.

ॲनी खेळ करणारी नेमबाज. फ्रँक बटलर याच धंद्यातला. तिने त्याला स्पर्धेत हरवलं, मग दोघांचं लग्न झालं आणि तो तिचा व्यवस्थापक बनला. संसार शेवटपर्यंत टिकला. १९२६च्या नोव्हेंबरात १८ दिवसांच्या अंतराने दोघं गेली. नाटककाराची पंचाईत इथेच: नवराबायकोत भांडणच नाही, तर शेवटचा अंक कशावर उभा करायचा?

१९३५च्या ‘ॲनी ओकली’ चित्रपटात ती पहिली स्पर्धा मुद्दाम हरते. मात्र तिथे नायक टोबी वॉकर, म्हणजे थाप बटलरच्या नावावर चढली नाही. १९४६च्या ‘ॲनी गेट युअर गन’ या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकात बटलर हे खरं नाव परत आलं, मुद्दाम हरणंही आलं, तेही थेट शेवटाला. उसनवारीतली खरी गफलत ही. चित्रपटावरून संहिता बेतताना वहीत तीन रकाने आखावेत: चरित्र, चित्रपट, नाटक. जो प्रसंग फक्त मधल्या रकान्यात सापडतो, त्याला खरं नाव चिकटवू नये.

कॅमेरा चापावरचं बोट जवळून दाखवतो; नाट्यगृहात शेवटच्या रांगेला ते दिसत नाही. म्हणून हरण्याचं कारण कुणाच्या तरी तोंडी घालावं लागतं. इथे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा म्होरक्या सिटिंग बुल ॲनीला ते सुचवतो. स्पर्धेआधीची चुरस द्वंद्वगीतात, अगदी आपल्या सवाल-जवाबासारखी. बार आणि निशाणा फुटल्याचा आवाज यांत जरा अंतर पडलं, की गंभीर प्रसंगाला हशा ठरलेला.

तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसाळे या नेमबाजांच्या कोल्हापूर जिल्ह्याला हा शेवट पचणं कठीणच. तिकडेही तो खटकला असावा. १९९९च्या पुनरुज्जीवनात पीटर स्टोन यांनी संहिता सुधारली आणि सामना बरोबरीत सोडवला. खऱ्या स्पर्धेत ॲनी जिंकली होती.