शेवग्याच्या पाल्याची पूड: घेण्याआधी वाचा

‘ही पूड अँटिऑक्सिडंट आहे म्हणजे काय?’ आणि ‘गुडघे सुजतात, घेऊ का?’ हे दोन प्रश्न आम्हाला नेहमी विचारले जातात.

शेवग्याच्या पानात क्वेर्सेटिन, केम्फेरॉल, क्लोरोजेनिक आम्ल अशी द्रव्ये असतात. पेशींना इजा करणाऱ्या फ्री रॅडिकल्सना (अस्थिर रेणूंना) ती इलेक्ट्रॉन देऊन थंड करतात; म्हणून त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. प्रयोगशाळेत हे तपासायला डीपीपीएच नावाचे जांभळे रसायन वापरतात. त्यात अर्क घातला की रंग पिवळट होत जातो. निम्मे डीपीपीएच निष्प्रभ करायला जेवढा अर्क लागतो, तो आकडा म्हणजे आयसी-५०. आकडा लहान तितका अर्क जोरकस. पुष्कळजण हे उलटे वाचतात!

पण ही झाली परीक्षानळीतली गोष्ट. पोटात गेलेल्या क्वेर्सेटिनचा थोडाच भाग रक्तात पोचतो, तोही आतड्यात आणि यकृतात रूप बदलून.

सुजेचेही तसेच. ताजे पान चुरडले की त्यातल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) आयसोथायोसायनेट नावाचे द्रव्य तयार होते. पेशींमध्ये सूज चेतवणारा एनएफ-कप्पा-बी हा संदेशमार्ग त्याने मंदावतो, असे पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. माणसांवरचा पुरावा अजून तोकडा आहे. शिवाय अशा प्रयोगांत बहुधा अल्कोहोल-पाण्यात काढलेला दाट अर्क असतो. आमच्या डब्यात नुसता वाळवलेला पाला आहे. म्हणून ‘सूज उतरवते’ असे आम्ही डब्यावर छापत नाही. गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे जा.

‘संत्र्याच्या सातपट व्हिटॅमिन सी’ हा गाजलेला दावा ताज्या पाल्याबद्दलचा आहे. वाळवताना त्यातले बरेच उडून जाते. पाला आम्ही सावलीतच वाळवतो; उन्हात तो तपकिरी पडतो.

दिवसाला एक चहाचा चमचा पुरे. थालीपिठाच्या भाजणीत मिसळा, किंवा आमटी उतरवल्यावर वरून घाला. ताजा पाला मिळत असेल तर त्याची भाजी केव्हाही सरस. कोकणात गोकुळाष्टमीला शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी होतेच.

वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण पाल्यात रक्त गोठायला मदत करणारे व्हिटॅमिन के भरपूर असते. मधुमेह, रक्तदाब किंवा थायरॉइडची औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनीही आधी विचारावे.

डबा घट्ट लावून अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. चमचा ओला नको. पुडीत गुठळ्या झाल्या किंवा कुबट वास आला तर ती टाकून द्या.