देवगांडुळाचे डोळे

पावसाळ्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, पोफळीच्या बुंध्याशी खणताना कधीकधी पेन्सिलीएवढं जाड, वळ्यावळ्यांचं काहीतरी वळवळत वर येतं. बहुतेक वेळा साप समजून त्याचा तिथंच निकाल लागतो. पण हा साप नव्हे आणि गांडूळही नव्हे. हे देवगांडूळ, म्हणजे पाय नसलेला उभयचर, बेडकाचा भाऊबंद. २००७ साली नोंदलेल्या याच्या एका जातीच्या नावातच गोवा आहे: गेजेनिओफिस गोआएन्सिस.

गेजेनिओफिस गटातल्या या प्राण्यांना डोळे असतात, पण कवटीच्या हाडाखाली झाकलेले. जन्मभर मातीत राहणाऱ्याला दिसून करायचंय काय, हे खरं. मग डोळे हवेतच कशाला? त्याहून नवल नाकाडाजवळच्या छोट्या स्पर्शिकेचं. इतर उभयचरांत डोळा आत ओढणारा जो स्नायू असतो, तोच इथे स्पर्शिका आत ओढायच्या कामाला लागलाय. जुन्या घराच्या वाशांतून गोठा उभारावा, तसं. आणि या गेजेनिओफिसांचे जवळचे नातलग कुठे, तर थेट सेशेल्स बेटांवर! पातळ ओल्या कातडीचा हा जीव खारं पाणी पोहून जाणं अवघडच. पण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून सुटले, हे लक्षात घेतलं की कोडं उलगडतं. जमीन दुभंगली आणि घराण्याच्या वाटण्या झाल्या.

उत्क्रांती शिकली नसेल तर यातलं काहीच जुळत नाही. देवगांडूळ म्हणजे पाठ करायचं आणखी एक नाव, एवढंच उरतं.

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात पूर्वी ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असा धडा होता. करोनाकाळात मुलांवरचा भार कमी करायचा म्हणून त्यातला उत्तरार्ध गळला, आणि २०२३च्या पुस्तकात नुसती आनुवंशिकता उरली. यावर टीका झाली, तेव्हा बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे, असं सरकारी उत्तर मिळालं. आहे खरी, पण अकरावीला कॉमर्स किंवा आर्ट्स घेणाऱ्याची आणि तिची गाठ कधी पडायची? १८००हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी धडा परत आणा म्हणून खुलं पत्र लिहिलं, त्यात हाच मुद्दा होता.

त्याआधी, जानेवारी २०१८मध्ये, एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलंय का, असं विचारून डार्विनला चूक ठरवलं होतं. तेव्हा बंगळूर, दिल्ली आणि अलाहाबादच्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढलं. एरवी या संस्था अशा घाईनं बोलत नाहीत. उत्क्रांतीच्या मूलभूत तथ्यांवर शास्त्रात वाद नाही. अभ्यासक्रमातून ती काढणं किंवा पुराणकथा मिसळून पातळ करणं म्हणजे मागे जाणं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. (माकडाचा माणूस झाला, असं डार्विनही म्हणत नाही. आपला आणि चिंपांझीचा पूर्वज एक, इतकंच.) २००६ साली तर जगातल्या ६०हून अधिक अकादम्यांनी उत्क्रांती शिकवण्याच्या बाजूने संयुक्त निवेदनावर सह्या केल्या होत्या.

सह्यांच्या संख्येनं मी स्वतः फारसा भारावत नाही. उत्क्रांती शिकवाल तर सृष्टी देवानं घडवली हेही सोबत शिकवा, अशी सक्ती करणाऱ्या अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या कायद्याविरुद्ध ७२ नोबेलविजेते सर्वोच्च न्यायालयापुढे उभे राहिले आणि १९८७मध्ये तो कायदा रद्दही झाला. पण ते ७२ असोत की दोन, शास्त्र मतदानानं ठरत नाही. अकादम्यांच्या शब्दाला वजन आहे ते त्यामागे जीवाश्म, जनुकं आणि हाडाखालचे डोळे आहेत म्हणून.

‘आमच्या दशावतारात हे आधीच आहे, मत्स्य, मग कूर्म, मग वराह,’ हे वाक्य जत्रेतल्या नाटकाच्या मांडवात मीही ऐकलंय. ऐकायला गोड आहे. पण उत्क्रांती ही वर चढत जाणारी शिडी नाही. देवगांडुळाने तर पाय सोडून दिले आणि डोळे मिटून घेतले. त्याला कुठल्या पायरीवर बसवणार? दुसऱ्या बाजूला, चर्चला हे चालत नाही असा समजही आपल्याकडे सर्रास आढळतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६मध्ये व्हॅटिकनच्याच विज्ञान अकादमीला कळवलं होतं की उत्क्रांती ही आता निव्वळ कल्पना राहिलेली नाही.

आता कुळागरात खणताना तसं काही वर आलं, तर कुदळ बाजूला ठेवून त्याच्या डोक्याकडे नीट बघा. डोळे दिसणार नाहीत.