सेंट अँड्र्यूजला खेळायचंय? आधी हँडिकॅपचा कागद, मग कोर्सची निवड

स्कॉटलंडला गोल्फ खेळायला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘तिथे आपल्याला कोण घेणार?’ आपल्याकडे बहुतेक चांगले कोर्स (गोल्फची मैदानं) क्लबच्या सभासदांचे असतात, म्हणून हा समज. पण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावचा ओल्ड कोर्स सार्वजनिक आहे. १९७४ पासून एक ट्रस्ट तो चालवतो, आणि त्याच गावातले आणखी सहा कोर्सही त्याच ट्रस्टकडे आहेत. तिथे खेळायला ओळखपाळख किंवा कुणा सभासदाची चिठ्ठी लागत नाही.

लागतो तो हँडिकॅपचा दाखला. हँडिकॅप म्हणजे कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा तुम्हाला साधारण किती जास्त लागतात तो आकडा; जितका कमी तितका खेळ चांगला. ओल्ड कोर्सवर पुरुष असो वा बाई, हँडिकॅप ३६ पर्यंत हवा आणि तो अधिकृत हवा. भारतात तो इंडियन गोल्फ युनियनशी संलग्न क्लबातून मिळतो. पहिल्यांदा काढत असाल तर एकूण ५४ होलांची स्कोअरकार्डं द्यावी लागतात, म्हणजे अठरा-अठराचे तीन राउंड. पुढे शेवटच्या वीस राउंडांपैकी उत्तम आठांची सरासरी धरली जाते. म्हणून निघायच्या आठवड्यात धावाधाव करू नका. दोन-तीन महिने आधीपासून कार्डं नियमित भरा, आणि जाताना ताजा दाखला छापून बरोबर ठेवा. गावातल्या इतर कोर्सवर दाखल्याची अट नाही, त्यामुळे नवशिक्यानेही हात आखडता घेऊ नये. त्यातला बाल्गोव्ह कोर्स तर नऊच होलांचा आहे, मुलांना घेऊन जायला अगदी छान.

भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा साधा व्हिजिटर व्हिसा पुरतो. त्यासाठी तिथल्या गोल्फ क्लबाचं निमंत्रणपत्र लागत नाही. बोटांचे ठसे मुंबईत किंवा पुण्यात देता येतात. खर्च कसा भागवणार हे दाखवायला बँकेची स्टेटमेंट्स आणि नोकरी-व्यवसायाचे कागद मात्र नीट जोडा.

आता ओल्ड कोर्सचा अर्ज. आदल्या वर्षी करायचा आगाऊ अर्ज हा एक मार्ग झाला. बहुतेकांना जमतो तो बॅलट, म्हणजे रोजची सोडत. खेळायच्या दोन दिवस आधी, तिथल्या दुपारी दोनच्या आत, दोन ते चार जणांची नावं द्यायची. प्रत्येकाचा क्लब आणि हँडिकॅपही लिहायचा. निकाल त्याच दिवशी लागतो. रविवारी कोर्स बंद असतो; सोमवारची सोडत शनिवारी निघते. एकटेच असाल तर आदल्या दिवशी स्वतः तिथे जाऊन नाव नोंदवायचं. २०२४ पासून त्याचीही सोडत निघते. माझं आग्रहाचं सांगणं, गावात किमान चार रात्री राहा आणि रोज अर्ज करा. एका दिवसाच्या भरवशावर एवढ्या लांब जाऊ नका.

नंबर लागला नाही तर दिवस रिकामा जायचं कारण नाही, आणि इथे कोर्सची तुलना करायला शिकावं लागतं. नाव किती मोठं यापेक्षा स्लोप रेटिंग पाहा, म्हणजे निष्णात खेळाडूच्या मानाने साध्या खेळाडूला तो कोर्स किती अवघड जातो त्याचा आकडा. हा आकडा ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ म्हणजे मध्यम. तुमचा इंडेक्स (दाखल्यावरचा हँडिकॅप) १८ आणि कोर्सचा स्लोप १३२ असेल तर १८ गुणिले १३२ भागिले ११३, म्हणजे सुमारे २१. त्यात कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला तिथे लागणारे अपेक्षित फटके) आणि पार (कोर्सचे ठरलेले फटके) यांमधला फरक मिळवायचा. रेटिंग ७३ आणि पार ७२ असेल तर त्या कोर्सवरचा तुमचा हँडिकॅप झाला २२. दोन कोर्सचे हे आकडे शेजारीशेजारी लिहिले की कुठे दमछाक होईल ते लगेच कळतं. स्लोप टी-प्रमाणे (होलचा पहिला फटका मारायच्या जागेप्रमाणे) बदलतो, तेव्हा तुम्ही ज्या टीवरून खेळणार तिचाच धरा.

मग फी. २०२४ च्या उन्हाळ्यात ओल्ड कोर्सची फी ३२० पौंड होती. शेजारचा १८९५ चा न्यू कोर्स बराच स्वस्त पडतो आणि तोही खराखुरा लिंक्स, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरचा कोर्स आहे. शिवाय ओल्ड कोर्सवर बग्गी (मैदानात फिरायची छोटी गाडी) सहसा मिळत नाही, अठराही होल चालायचे. गुडघे कुरकुरत असतील तर हे आधीच ध्यानात घ्या.

सेंट अँड्र्यूज ज्या फाइफ परगण्यात आहे, त्यातलंच एली गावचं मैदान मला फार आवडतं. पार ७०, आणि एकही पार-५ (पाच फटक्यांचा लांब होल) नाही. पहिल्या टीसमोर उंचवटा आहे, पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून स्टार्टरच्या (खेळाडूंना क्रमाने सोडणाऱ्या माणसाच्या) खोलीत एका पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय. स्टार्टर त्यातून पाहतो, पुढचे लोक लांब गेले की तुम्हाला खूण करतो.

आणि रविवारी ओल्ड कोर्सवर जरूर जा, फिरायला. त्या दिवशी तो गावाची बाग होतो, लोक कुत्री घेऊन येतात. सोळाव्या होलचं ग्रीन (खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) दुसऱ्या होलच्या ग्रीनशी कसं जोडलेलं आहे, चौदाव्यावरचा हेल बंकर (वाळूचा खड्डा) किती खोल आहे, हे पायी पाहून घ्या. सोमवारी नंबर लागला तर कॅडी (बॅग घेऊन बरोबर चालणारा मदतनीस) काय सांगतोय ते पटकन समजेल.