रक्तदाबाची सूत्रं धमनिकांच्या हाती

बीपीची गोळी सुरू झाली की घरात दोघांवर बालंट येतं: मिठावर आणि हृदयावर. मिठाचा दोष आहेच, पण हृदय बऱ्याचदा निर्दोष असतं. मुरलेल्या उच्च रक्तदाबात ते मिनिटाला नेहमीइतकंच, म्हणजे पाचेक लिटर रक्त फेकत असतं. वाढलेला असतो तो पुढचा अडथळा.

तो असतो धमनिकांमध्ये. मोठ्या धमन्यांना फाटे फुटत फुटत या नळ्या तयार होतात. पोकळी जेमतेम केसाएवढी किंवा त्याहूनही बारीक, आणि तिच्याभोवती स्नायूपेशींचे एक-दोन वेढे. महाधमनीत रक्ताचा सरासरी दाब ९० ते १०० मिलिमीटर असतो, केशवाहिन्यांच्या तोंडाशी तो ३५च्या आसपास उतरतो. मधली बरीचशी घट धमनिकांतच होते. पाटाच्या पाण्याला दारं धरावं तसं हे काम चालतं. जेवण झालं की आतड्याकडची दारं उघडायची, पळायला लागलं की पायांकडची. मात्र सगळीकडची दारं एकदमच थोडी थोडी मिटली, तर पाटात पाणी तुंबणारच.

हे ‘थोडी थोडी’ फसवं आहे. प्वाझय नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८४०च्या सुमारास काचेच्या बारीक नळ्यांतून पाणी सोडून एक नियम शोधला: नळीचा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. रक्त म्हणजे काही पाणी नव्हे, तरी हिशेब ढोबळमानाने लागू पडतो. त्रिज्या १० टक्के घटली की अडथळा दीडपट होतो. १६ टक्के घटली की दुप्पट. स्नायूने किंचित अंग आखडलं तरी पुरे.

आणि या स्नायूला आखडून राहण्याची सवयच असते. मूठ घट्ट आवळून धरली तर काही मिनिटांत हात भरून येतो. धमनिकेचा स्नायू मात्र दिवसरात्र ताण धरून राहतो. पेशीत कॅल्शियम शिरलं की ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं, त्यातून एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि ते मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं. मग मायोसिन ॲक्टिनचे तंतू ओढू लागतं. पुढे कॅल्शियम बरंच उतरलं तरी पकड लगेच सुटत नाही, आणि ती टिकवायला ऊर्जाही फार थोडी लागते. आवळण्याचा हुकूम देतात चेतातंतूंतलं नॉरॲड्रेनालिन आणि रक्तातलं अँजिओटेन्सिन. सैल करण्याचं काम प्रामुख्याने नळीच्या आतल्या अस्तराकडे. ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं.

खरी गोम पुढे आहे. इंग्लंडमध्ये बेलिस यांनी १९०२ साली दाखवलं, की आतून दाब वाढून भिंत ताणली गेली की स्नायू उलट आकसतो. पुढच्या नाजूक केशवाहिन्या त्यामुळे वाचतात, तेव्हा सोय मोठी शहाणपणाची. पण दाब वर्षानुवर्षं चढाच राहिला, तर भिंतीतल्या पेशी आक्रसलेल्या नळीभोवती नव्याने मांडणी करून घेतात. मग स्नायू सैल झाला तरी पोकळी पूर्वीइतकी होत नाही. दाबामुळे नळी अरुंद, अरुंद नळीमुळे दाब. अशा रुग्णात आधी काय बिघडलं हे सांगणं अवघड होऊन बसतं.

धमनिका एकट्याच गुन्हेगार, असं मात्र नाही. मूत्रपिंड ठणठणीत असेल तर दाब चढताच ते जास्त मीठ-पाणी बाहेर टाकून तो उतरवू पाहतं. ते कमी पडलं तरच चढलेला दाब ठाण मांडतो. अर्थात मूत्रपिंडातही धमनिका आहेतच, आणि त्यांच्या भिंतीतही हाच स्नायू.

औषधांचा इतिहास बघितला तर बराचसा याच स्नायूची मनधरणी करण्याचा आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीचे रक्तदाबाच्या रुग्णांवरचे अनुभव ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष तिच्याकडे वळलं. तीनच वर्षांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. ते चेतातंतूंच्या टोकांशी असलेला नॉरॲड्रेनालिनचा साठाच रिकामा करतं. हुकूमच येत नाही म्हटल्यावर स्नायू ढिला पडतो. मन उदास होण्याच्या तक्रारींमुळे ते पुढे मागे पडलं.

आज घरोघरी दिसणारी ॲम्लोडिपिन कॅल्शियमचं पेशीत शिरण्याचं दारच अडवते. तिच्यामुळे काहींच्या घोट्यांवर सूज येते आणि लोक घाबरतात, ‘किडनी गेली की काय?’ बहुतेकदा कारण साधं असतं: केशवाहिनीच्या अलीकडची धमनिका सैल होते, पलीकडची शिरिका, म्हणजे रक्त परत नेणारी बारीक नळी, तेवढी होत नाही. मधल्या केशवाहिनीत दाब वाढतो आणि पाणी ऊतींत झिरपतं. शरीरातलं एकूण पाणी वाढल्याने आलेली ही सूज नसल्याने लघवीच्या गोळीने ती फारशी हटत नाही. डॉक्टर ॲम्लोडिपिनची मात्रा कमी करतात किंवा जोडीला टेल्मिसार्टनसारखी गोळी देतात. ती अँजिओटेन्सिनचा हुकूम अडवते, त्यामुळे शिरिकाही सैलावते आणि सूज ओसरायला मदत होते.