स्कॉलरशिप मिळवणारं मूल अमेरिकेतल्या टॅक्स रिटर्नमध्ये डिपेंडंट म्हणून दाखवता येतं का?

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. "लेकीला भरघोस स्कॉलरशिप मिळाली, म्हणजे आता ती आमच्या रिटर्नवर चालणार नाही ना?" बहुतेक वेळा चालते, म्हणजे डिपेंडंट (तुमच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती) म्हणून दाखवता येते. केवळ या गैरसमजापायी हक्काची सवलत सोडून देणारे पालक पाहिले की जीव तुटतो.

आई-वडिलांनी निम्मा खर्च उचलला का, हे इथे बघत नाहीत. मुलीने स्वतःच्या पैशातून स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च भागवला का, एवढंच आयआरएस (अमेरिकेचं कर खातं) बघते, आणि विद्यार्थ्याची स्कॉलरशिप त्यात तिचा पैसा म्हणून धरत नाहीत. समजा, वर्षाचा खर्च 48,000 डॉलर झाला. त्यातले 30,000 स्कॉलरशिपचे, 12,000 तुमचे, 6,000 तिने लायब्ररीत काम करून मिळवलेले. स्कॉलरशिप बाजूला ठेवली तर उरलेल्या 18,000 मध्ये तिचा वाटा एक तृतीयांश. अट पूर्ण झाली. मात्र तिने स्वतःच्या नावावर कर्ज काढून खर्चलं असेल, तर ती रक्कम तिच्याच बाजूला पडते.

वर्षअखेरीस वय 24 च्या आत हवं आणि वर्षातल्या पाच महिन्यांत तरी ती पूर्णवेळ विद्यार्थिनी हवी. निम्म्याहून जास्त वर्ष तुमच्याकडे राहायला हवी, पण हॉस्टेलचे दिवस घरचेच मोजतात. मूल अमेरिकन नागरिक किंवा करापुरतं निवासी असावं लागतं. आपल्याकडची बरीच मुलं 21 व्या वर्षी एच-4 (पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर मिळणारा) व्हिसावरून एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर जातात. त्यानंतर करापुरतं निवासी ठरवताना त्यांचे इथले दिवस मोजले जात नाहीत आणि पुढच्या वर्षी मूल अनिवासी ठरू शकतं. तसं झालं तर दाखवता येत नाही. हे आधी तपासा.

फायदा 500 डॉलरच्या क्रेडिटचा, म्हणजे करातून थेट वजावटीचा. शिवाय पदवीच्या पहिल्या चार वर्षांत, उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर, फॉर्म 8863 भरून 2,500 पर्यंतचं अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट. स्कॉलरशिपचा जो भाग राहण्या-जेवणावर जातो तो करपात्र असतो, आणि तो मुलीच्या उत्पन्नात धरतात, तुमच्या नाही.

कागदांत तिचा सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा कर क्रमांक), कॉलेजचा 1098-टी (फीचा फॉर्म), स्कॉलरशिपचं पत्र, नोकरीचा डब्ल्यू-2 (पगाराचा फॉर्म) आणि कर्जाचे कागद जवळ ठेवा. फीच्या खात्याचा उतारा तर हवाच, कारण 1098-टी वरून पैसा नेमका कशावर गेला ते कळत नाही.

मुलं फेब्रुवारीतच मोबाइलवर स्वतःचं रिटर्न भरून मोकळी होतात. आमच्या मुलीनेही भरलं, पण "दुसरं कोणी तुम्हाला डिपेंडंट दाखवू शकतं" या चौकटीत खूण करायची राहिली, आणि आमचं रिटर्न ऑनलाइन परत आलं. तिला 1040-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरावा लागला, आम्ही आमचं कागदावर पाठवलं. 2024 च्या रिटर्नपासून पालकांकडे आयआरएसचा आयपी पिन (ओळख पटवणारा गुप्त क्रमांक) असेल तर असं रिटर्न ऑनलाइनही स्वीकारतात. तरी मुलीने सबमिट दाबण्याआधी शेजारी बसून ती एक चौकट बघून घ्या.